माझं मौन आणि सहा आकडे

आता तुम्हीच सांगा, देवाला दिलेला शब्द मोडला तर दोष कुणाचा? माझा, की फोनवर येणाऱ्या त्या सहा आकड्यांचा? नाही, मी काही नवसाला नवखी नाही हो! मुलगा लहानपणी सारखा आजारी पडायचा, तेव्हा वर्षभर साखर सोडली. यांचं ऑपरेशन होतं तेव्हा तीन महिने उशी सोडली, माझी मान अजून डावीकडे नीट वळत नाही, पण हे ठणठणीत झाले ना? मग झालं तर! आजवर एकाही नवसानं मला तोंडघशी पाडलं नाही... आणि पाडलं ते या मौनानं! सकाळी आठ ते बारा तोंडातून शब्द काढायचा नाही, असे चाळीस दिवस. का? तर सूनबाईची नोकरी कायम होऊ दे. साधा, सोपा, कुणाला त्रास नाही असा नवस. "घराला तर फायदाच," असं हे म्हणाले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नवस करायचं कारणही तसंच होतं. आमची सूनबाई संगणकाचे प्रोग्राम लिहिते. तिची आधीची कंपनी एका दुपारी बंद झाली. सकाळी डबा घेऊन गेलेली पोर दुपारी तोच डबा न उघडता घरी परत आली, आणि "भूक नाही आई" म्हणून आत गेली. मुलगा माझा दुसऱ्या गावी कामाला, महिन्यातून दोनदा येणार. पुढचे आठ महिने ही घरात अशी वावरली, की जणू पाहुणी आहे आणि तिचा मुक्काम लांबलाय! आधी केस विंचरताना गुणगुणायची, तेही बंद. मग ही नवी नोकरी लागली. घरी बसूनच करायची, पण सहा महिने पारखणार, आणि हातातलं काम शेवटच्या शुक्रवारी साडेअकराच्या आत नीट उतरलं तर कायम, नाही तर नमस्कार. मग मी देवापुढं बसणार नाही तर काय करणार?

तर मौन सुरू झालं. पहिल्या दिवशी आठ वाजता मी तोंड मिटलं, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी खिडकीजवळच्या टेबलावरून हाक आली...

"आई, आकडा!"

कसला आकडा? तर ऐका. सूनबाईचं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या औषधं मागवता यावीत असं फोनवरचं ॲप. आता कुणाला कुठलं औषध लिहून दिलंय हे कुणाला ठाऊक? रुग्णालयाच्या संगणकाला. म्हणून हिच्या ॲपनं दर वेळी रुग्णालयाच्या दारात जाऊन विचारायचं, आणि तिथं दारावर एक पहारेकरी बसलेला. माणूस नव्हे हो, प्रोग्रामच! पण खाक्या तोच. "कोण तुम्ही? नाव सांगा. खूण सांगा. आता तुमच्या फोनवर सहा आकडे पाठवलेत, ते सांगा." सगळं बरोबर असलं की दहा मिनिटांचा पास देतो आणि आत सोडतो. सरावासाठी रुग्णालयानं एक खोटी रुग्ण दिली होती, 'चाचणी आजी' नावाची. आता चाचणी आजी झाली तरी तिला फोन हवा. सूनबाईचा नंबर कंपनीच्या खात्याला आधीच अडकलेला, यांच्या फोनवर संदेश वेळेवर येत नाहीत, मग राहिलं कोण? मी! मी आपली "दे की माझा नंबर, त्यात काय" असं म्हणून मोकळी झाले. नवसाच्या आदल्या संध्याकाळी! आणि तुम्हाला सांगते, प्रोग्राम लिहिणारी माणसं एक ओळ बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासतात. एक शब्द इकडचा तिकडे केला, तपास. मनात आलं, तपास. आणि प्रत्येक तपासाला पहारेकरी आहेच!

"आई, आकडा!"

तोंड बंद, म्हणून मी बोटांनी दाखवायला लागले. एक ते पाच ठीक. सहा आला की दोन्ही हात लागतात, मग फोन कुठं धरायचा? हनुवटीखाली. आणि हनुवटीखाली धरलेल्या फोनवरचे आकडे दिसतात का कुणाला? शून्याला मी मूठ दाखवायचे, तर ही म्हणते, "आई, चिडू नका ना!" आणि त्या आकड्यांचं आयुष्य सगळं तीस सेकंदांचं! तीन वेळा चुकलं की खातं अर्धा तास बंद. पहिल्या सकाळी चार वेळा खातं बंद पडलं, आणि पोर टेबलाशी डोकं धरून बसली.

तेवढ्यात हे उठले. "तिचं मौन आहे, माझं नाही. आण तो फोन इकडं!" आता हे जन्मभर शाळेत गणिताचे मास्तर. चष्मा शोधला, पुसला, लावला, फोन हातभर लांब धरला आणि भर वर्गात सांगावं तसं म्हणाले, "सहा लाख एकोणऐंशी हजार चारशे त्र्याण्णव!"

"बाबा, एकोणऐंशी म्हणजे किती?"

"ऐंशीला एक कमी!"

"अहो बाबा, सुटे सुटे सांगा ना!"

"सुटे? संख्या म्हणजे काय शेंगदाणे आहेत सुटे द्यायला? स्थान आहे प्रत्येक अंकाला, मान आहे..."

गेले तीस सेकंद, आणि असं तीनदा. स्थान गेलं, मान गेला, खातं पुन्हा बंद.

शेवटी मी माळ्यावरून मुलाची जुनी पाटी काढली. आकडा आला की पाटीवर लिहायचा आणि धावत नेऊन दाखवायचा. जमलं हो! पण दूध गॅसवर असलं तरी धावायचं, पीठ मळताना धावायचं. एकदा न्हाणीघरात होते तर दाराबाहेरून, "आई, घाई नाही, पण आकडा!" किती वेळा होतं ते बघावं म्हणून जपाच्या माळेवर मोजायला लागले, तर जप आणि आकडे यांची अशी गल्लत झाली, की त्या दिवशी देवाला काय पोचलं ते देवच जाणे. शंभरातला निम्मा तरी जप लाखांत आणि हजारांत गेला असणार!

दहाव्या दिवशी खुद्द रुग्णालयातून फोन. पलीकडचा माणूस नाकात बोलणारा. "ती चाचणी आजी आठवड्यात चारशे वेळा दारात आलीये. आमचे लोक घाबरलेत. आजींना काय हवंय काय?" सूनबाई ओशाळली. माफी मागितली आणि फोन ठेवून म्हणाली, "आई, आता मी तोतया बसवते."

दुपार होती म्हणून बोलता आलं मला. म्हटलं, "तोतया? माझं व्रत चालू असताना घरात तोतया?"

"तसा नाही हो आई. खऱ्या पहारेकऱ्यासारखाच बोलणारा एक प्रोग्राम, माझ्याच संगणकात. तो तेच प्रश्न विचारणार, तशीच उत्तरं देणार, पण खऱ्या दाराला हातसुद्धा लागणार नाही. आकडा नाही, फोन नाही. तपासते मी माझं काम ना? मग त्यासाठी खरा पहारेकरी दिवसभर कशाला छळायचा? तुम्ही नाही का तुमच्या लेकाच्या तोंडी परीक्षेआधी घरी मास्तर व्हायचात? मला सांगितलंय त्यांनी."

खरंच व्हायचे. घरात खरा मास्तर होता, पण त्याच्यापुढं पोराची जीभ टाळ्याला चिकटायची, म्हणून मी खुर्चीवर बसून मास्तर व्हायचे. मग सराव म्हटल्यावर मला पटलं. खोट्याला खोटं म्हणून सांगितलं तर ते खोटं कुठं राहतं?

आणि काय सांगू तुम्हाला, घरात शांतता झाली! दूध उतू जाईना, आंघोळ पुरती होऊ लागली. सूनबाईच्या पडद्यावर तपासलेल्या प्रत्येक गोष्टीसमोर एक हिरवी खूण उमटायची. साठ हिरव्या, नव्वद हिरव्या, शेवटी एकशे बारा! एका सकाळी केस विंचरताना पोर गुणगुणली. मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी खाली ठेवली, आणि गुणगुणणं संपेपर्यंत नळ नाही सोडला.

उजाडला शेवटचा शुक्रवार. माझ्या मौनाचा एकोणचाळिसावा दिवस. साडेअकराला तिच्या मॅडमना काम पाठवायचं. अकराला सूनबाईनं मला हात धरून टेबलाशी नेलं, "बघा ना आई, सगळं हिरवंगार!" मी बघितलं. पडद्यावर तो तोतया आणि ॲप यांचं बोलणं ओळीनं दिसत होतं. कोण तुम्ही? अमुक. या! कोण तुम्ही? तमुक. या! एकशे बारा वेळा या, या, या!

आणि मी तिच्या हातातून हात सोडवला.

कारण मला मी आठवले. तोंडी परीक्षेच्या सरावात मी मुलाला एकदासुद्धा "चूक" म्हटलं नव्हतं. शाब्बास, बस, शहाणा आहेस! आणि खऱ्या परीक्षेत खरे मास्तर "हं?" एवढंच म्हणाले, तर पोरगं स्वतःचं नाव विसरून घरी आलं. हा तोतया माझ्यासारखाच होता हो! मवाळ! आणि खऱ्या पहारेकऱ्याचा पास तर दहा मिनिटांचा, माझ्या फोनवर दर वेळी आकड्यांखाली लिहून यायचं ते. यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी भेटीचा पास घेऊन जिन्यात अर्ध्यावर होते, हातात गरम सूप, आणि वेळ संपली म्हणून मला तिथूनच परत पाठवलं होतं. मग इथं एखादे आजोबा औषधं निवडता निवडता अकराव्या मिनिटाला पोचले तर? अहो, यांना चष्मा सापडायलाच पंधरा मिनिटं लागतात!

घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं. मौन बारापर्यंत. पाटी आणली. लिहायला बसले. पण मला मेलीला सवय अशी, की लिहायचं म्हटलं की पत्रच! 'चिरंजीव सौभाग्यवती सूनबाई हिस अनेक आशीर्वाद. तू फार कष्ट घेतलेस. आम्हा उभयतांना तुझं कौतुक वाटतं. विशेष म्हणजे...' आणि पाटी संपली! प्रश्न राहिला बाहेर! मी तशीच दाखवली, म्हटलं वाचेल आणि मागची बाजू उलटेन. तर तिनं कानावरचा हेडफोन काढला, वाचलं, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाकून नमस्कार केला, आणि पाटी नेऊन वरच्या फळीवर ठेवली, "ही मी कधीच पुसणार नाही, आई!"

घ्या!

मग खुणा. मी दोन बोटं चालवली, म्हणजे आजोबा आत गेले. मनगटावर टिचकी, म्हणजे वेळ झाली. मग तळवा पुढं, म्हणजे थांब, चालता हो! हे खुर्चीतून बघत होते. "तिला फिरायला जायचंय," म्हणाले. मी मान हलवली. "फिरायला जायचं नाहीये." मी कपाळावर हात मारला. "डोकं दुखतंय, म्हणून फिरायला जायचं नाहीये. मी ओळखतो ना तिला, चाळीस वर्षं झाली!"

अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली. सूनबाईचं बोट पाठवायच्या कळीवर. मी देवाच्या कोपऱ्याकडं पाहिलं, मनात म्हटलं, तू बघतोयस ना रे? आणि बोलले!

"अगं, आणि तो मधेच नाही म्हणाला तर?"

एकोणचाळीस दिवसांत बाराच्या आत माझा आवाज या घरानं ऐकला नव्हता. यांच्या हातातला पेला पडला. सूनबाई खुर्चीतच वळली, "कोण, आई?"

"तुझा तोतया! तो सारखा या, या म्हणतो. खरा तसा आहे का? दहा मिनिटं झाली की तो बाहेर काढणार, आणि आत आजोबा अजून गुडघ्याची गोळी शोधतायत, मग त्यांचं काय? त्यांनी आधी निवडलेलं राहणार की जाणार? त्यांना कुणी सांगणार की नुसतं दार लावून घेणार? विचारलंस का तू त्याला कधी?"

पोर पडद्याकडं वळली. तोतयाच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी लिहिल्या. आता अर्ध्यात "पास संपला" म्हण. आणि तपास लावला. पडदा पांढराफटक! निवडलेली औषधं गेली, नाव गेलं, सगळं गेलं, आणि हिरव्या खुणा एकेक करत लाल झाल्या. चाळीस लाल! मध्ये एक संदेश तेवढा, 'अनधिकृत प्रवेश. त्रुटी.'

अरे देवा! नवस मोडला तो मोडला, वर पोरीच्या तोंडचा घास गेला! गप्प बसले असते तर चार मिनिटांत एकशे बारा हिरव्या गेल्या असत्या, नोकरी कायम, मीही समाधानी. कुणी सांगितलं होतं बोलायला? मी म्हटलं, "बाळ, मी बोललेच नाही असं समज. पाठव तू."

तर ती म्हणाली, "कसं पाठवू आई? हे लोकांच्या हातात जाणार आहे." आणि मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज म्हणजे फ्रिजमधून काढलेला. "मला साडेअकराला हवं होतं."

"मॅडम, पाठवू शकते. सगळं हिरवं आहे. पण ते हिरवं खरं नाहीये. पास मधेच संपला तर सगळं पुसलं जातं. मला आत्ता कळलं."

मी माळ घट्ट धरलेली. हे पेल्याचे तुकडे उचलता उचलता थांबले.

"किती वेळ?"

"चार वाजेपर्यंत."

"चार म्हणजे चार." खट्.

मग काय ती बसली! मी पोळीचे घास करून शेजारी ठेवायचे, ती न बघता खायची. पास संपत आला की ॲपनं स्वतःच, रुग्णाला न हलवता, मागच्या मागं नवा पास घ्यायचा. निवडलेलं सगळं धरून ठेवायचं. आणि नवा पास नाहीच मिळाला, तर रुग्णाला तसं सांगायचं. तिथं मी अडले. म्हटलं, "अगं, आजारी माणसाला अनधिकृत म्हणतेस? त्या बिचाऱ्याचा रक्तदाब तिथंच वाढेल!"

"मग काय लिहू?"

"लिही, घाबरू नका. तुमची यादी जपून ठेवली आहे. पुन्हा एकदा आत या."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तसंच्या तसं लिहिलं. तोतयाला आता आठ तऱ्हांनी नाही म्हणायला शिकवलं. कधी पास संपला, कधी खूण चुकली, कधी पहारेकरी झोपलाय, उत्तरच देत नाही! यांनी तर आग्रहानं नववी सुचवली, "आकडा बरोबर असूनसुद्धा नाही म्हणू दे. माझे एक मुख्याध्यापक तसेच होते." तीन वाजता एकशे एकवीस हिरव्या. आणि सूनबाई म्हणाली, तोतयापाशी सगळं झालं, आता एकदाच, शेवटचं, खऱ्या दाराशी जाऊन बघायचं.

"आई, आकडा!"

मौनाची वेळ टळून गेलेली. मी पाटीबिटी काही न आणता खणखणीत सांगितलं, "आठ, शून्य, दोन, दोन, सात, एक!" पहिल्या फटक्यात आत. रुग्ण म्हणून यांना बसवलं, हातात फोन दिला आणि सांगितलं, दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावायचा. सांगायची गरज होती का? त्यांनी चष्म्यापासून सुरुवात केली. चार मिनिटं. सात मिनिटं. पहिलं औषध. "याचं स्पेलिंग चुकलंय." नऊ मिनिटं. सूनबाईनं माझा हात धरला. दहा! अकरा... बारा... तेराव्या मिनिटाला हे वर बघून म्हणाले, "झालं का सुरू? मी तीन निवडली, चौथं सापडत नाहीये."

तिन्ही जागच्या जागी! आत नवा पास कधी आला, यांना पत्तासुद्धा नाही! सूनबाई हसली हो... अशी हसली, की आठ महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर आलं, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीसुद्धा. हे बिचारे विचारत राहिले, "मी काही चुकीचं दाबलं का?"

पावणेचारला काम गेलं. पावणेपाचला मॅडमचा फोन. "सोमवारपासून कायम समज. आणि ते 'घाबरू नका' कुणी लिहिलं?"

"सासूबाईंनी."

"त्यांना सांग, पुढच्या वेळी जरा आधी बोला म्हणावं."

मला इतकं हलकं वाटलं, की त्या रात्री उशी डोक्याखाली आहे की नाही तेसुद्धा कळलं नाही. पण सकाळी देवापुढं बसले आणि मोडलेला शब्द आठवला. मौन मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, हा माझाच नियम. हे म्हणाले, "अगं, काम तर झालं, आता कशाला?" म्हटलं, त्यानं त्याचं केलं, आता मला माझं करायला नको? तर पुन्हा चाळीस दिवस. मात्र या वेळी मीही सूनबाईसारखं केलं. देवाला म्हटलं, मधेच कुणी अडलं तर मी बोलणार, तो एक दिवस पुढं वाढवून घे, पण सगळं पुसू नकोस. देव काही म्हणाला नाही, म्हणजे चालतंय. वेळही बदलून घेतली. सकाळी नको, दुपारी दोन ते चार.

तुम्हालाही हात जोडून सांगते, नवस जरूर करा, पण करायच्या आधी 'मधेच नाही जमलं तर?' हे तुम्हीसुद्धा एकदा विचारून ठेवा. आणि मौनच धरायचं असेल, तर माझं ऐका, दोन ते चारच धरा... त्या वेळी हे घोरत असतात, सूनबाई कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये असते. सहा दिवस झाले मी गप्प बसतेय, घरात अजून कुणाच्या लक्षातच आलेलं नाही!